सहा नंबरची निब

पेनांबद्दल बोलायला लागलो की मला थांबता येत नाही आणि माणसं राहून जातात, म्हणून आधी जिन्याखालच्या चाचांचं सांगतो. वय सत्तरीपुढचं, डोळ्याला भिंग, आमच्या दुकानाच्या जिन्याखाली पाय मुडपून बसण्याएवढी जागा आणि जुनी पेनं दुरुस्त करायचा धंदा. ह्या चाचांनी माझ्यासाठी स्वतःच्या पेनाची निब काढून दिली. सोन्याची, सहा नंबरची. निबांचे नंबर ज्यांना माहीत नाहीत त्यांना हे वाचून काही वाटणार नाही. तीन वर्षांपूर्वी मलाही वाटलं नसतं. तेव्हा मला फक्त खिळ्यांचे नंबर माहीत होते.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. शाळा नववीत सोडली. शाळेला त्याचं फार वाईट वाटलं असं काही कानावर आलं नाही. फर्निचरच्या ठेकेदाराबरोबर गावं फिरत फिरत सोलापुरात आलो, ते ह्याच दुकानाची काचेची कपाटं बसवायला. काम संपल्यावर ठेकेदार पुढच्या कामाला लातूरला गेला आणि जाताना हत्यारं मोजून नेली, मला तेवढं विसरला. कपाटांची कुलपं मी जरा घट्टच बसवली होती. ती माझ्याशिवाय कुणाला उघडेनात, म्हणून मालकांनी मला ठेवून घेतलं. माझी पहिली पक्की नोकरी अशी माझ्याच कच्च्या कामावर लागली.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "का विकतेस म्हणतेस रे बाबू?"

"पेनं."

"दहा रुपयेवाले?"

"नाही वं. साठ हजाराचंबी आहे एक."

आई म्हणाली, "त्यानं लिवलेलं मंग मिटत नसन."

सोलापुरात एवढी महाग पेनं घेतं कोण, असं मला बाहेरगावचे विचारतात. घेणारे थोडे. तुलना मात्र सगळे करतात. आमचा निम्मा दिवस तुलनेत जातो आणि उरलेला निम्मा पेनांवरचे बोटांचे ठसे पुसण्यात.

पहिली तुलना आकाराची. एक बांधकामवाले साहेब आले होते, त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं, "सगळ्यात मोठं दाखवा." दाखवलं. ते त्यांनी शर्टाच्या खिशाला लावलं. खिसा एका अंगानं खाली ओढला गेला, तेव्हा कुठं त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. दुसरे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. उन्हाळ्यात दर गुरुवारी बारा ते तीन येतात आणि टोपण मागे लावून पेन किती लांब होतं, न लावता किती, वजन पुढे की मागे, ह्यावर मला समजावून सांगतात. तीन उन्हाळ्यांत त्यांनी शाईची एक बाटली घेतली आहे. एप्रिलातल्या सोलापुरात आमचा एसी विद्येची फार मोठी सेवा करतो.

आकाराच्या बाबतीत माझा उपयोग व्हायचा. सुताराचा हात असल्यामुळे पेन नुसतं चिमटीत धरलं की मला जाडी कळते. साधं पेन चार सूत म्हणजे अर्धा इंच, अंगानं भरलेलं साडेचार, आणि त्या बांधकामवाल्या साहेबांचं पाच.

"मिलिमीटरमधी सांग की रं," मालक म्हणायचे, "हितं काय दाराची चौकट विकतोय का आपण?"

पण गिऱ्हाइकांना सूत आवडायचं. बांधकामवाल्या साहेबांना तर साठ हजारांतली तेवढी एकच गोष्ट लगेच कळली.

खरी भानगड निबांची. निब म्हणजे जीभ. एफ म्हणजे बारीक, एम म्हणजे मध्यम, बी म्हणजे जाड. ऐकायला सोपं आहे. पण जपानी एम घेतली तर ती जर्मन एफएवढी बारीक निघते. दोघांनी एकदा समोरासमोर बसून ठरवून घ्यायला काय हरकत होती मला कळत नाही. त्यात परत निबेचे नंबर. हा नंबर रेघेच्या जाडीचा नसतो, निबेच्या स्वतःच्या मापाचा असतो, चपलेसारखा. पाच नंबर, सहा नंबर. आठ नंबरची निब पाहिली तर तिनं साखर घ्यावीशी वाटते.

निब पारखायला काउंटरवर एक कोरी वही असते. तिच्यात लोकांनी काहीही लिहावं. लोक सही करतात. सगळे सहीच करतात. एकेक पान सह्यांनी भरून जातं. ती वही उद्या कुणी पळवली तर अर्धं सोलापूर विकून मोकळा होईल.

त्या वहीत मी कधी लिहीत नसे. माझं अक्षर नववीत जिथं थांबलं तिथंच उभं होतं. शिवाय प्लायवूडवर पेन्सिलीनं खुणा करून करून हात जड झालेला. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "तुम्हीच लिहून दाखवा ना," की मी पेन पुसायला घ्यायचो. मग मी गंभीर तोंड करून म्हणायचो, "साहेब, निबेला ज्याचा त्याचा हात लागतो." गिऱ्हाईक मान हलवायचं. वाक्य चाचांचं होतं.

चाचा पूर्वी उर्दूचे लेखनिक. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, मुशायऱ्यांची पत्रकं, सगळं बोरूनं आणि निबेनं लिहायचे. कॉम्प्युटर आला आणि एका सीझनमध्ये काम संपलं. मग ते जिन्याखाली बसले. आमच्या दुकानात विकलेलं पेन बिघडलं की मालक गिऱ्हाइकाला सांगत, "कंपनीकडं पाठवावं लागंल." कंपनी जिन्याखाली असायची.

सकाळी शटर वर करायच्या आधी अर्धा तास चाचा मला समोर बसवायचे. "सुतार, डोळे बंद कर. कान लाव निबेला." मी रेघ ओढायचो. "ऐकतो का? कुरकुर करती का?" "हो." "म्हणजे कुणावर? कागदावर का तुझ्यावर?" बहुतेक वेळा माझ्यावरच असायची. "दाबू नक्को रे बाबा, खिळा ठोकतो का? निबेचं वजन निबेला पुरं आहे." असं दोन वर्षं चाललं. त्यांनी माझ्याकडून ह्याचं काही घेतलं नाही. उलट चहा तेच सांगायचे.

त्यांचं स्वतःचं पेन काळं होतं, टोपणाला तडा, तड्यावर दोरा घट्ट गुंडाळलेला. पण निब सोन्याची, जर्मन, सहा नंबर. पत्रिकांचा धंदा जोरात असताना त्यांनी एका लग्नसराईच्या कमाईतून घेतलेली. तीस वर्षं त्याच हाताखाली घासून ती अशी झाली होती की कागदावर चालताना आवाजच नाही. मला त्यांनी एकदाच लिहायला दिली होती, तीही माझं मनगट हातात धरून.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मालकांनी मला बोलावलं. मालक माणूस वाईट नाहीत. फक्त ते काळजी करतात आणि ती दुसऱ्याला देऊन टाकतात.

"हे बघ, माझी भाची बी.कॉम. झालीय. इंग्लिश फाडफाड. दिवाळीनंतर दुकानात यायचं म्हणतीय. दोघंजण काय मला परवडायचं न्हाईत."

"मग मी?"

"मी कुटं काय म्हटलं? ते जर्मन पेन दीड वर्ष कपाटात पडलंय. ते तेवढं खपव. मग बघू."

मग बघू म्हणजे काय ते मला पुरतं समजलं. जर्मन पेन खपलं तर मी सोलापुरात, नाही तर भंडाऱ्याच्या गाडीत. गावात परत जाऊन काय सांगणार होतो? पेनं विकत होतो पण एक विकलं नाही?

आणि त्याच आठवड्यात उजनीच्या काठचे एक केळीवाले दुकानात आले.

पांढऱ्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग, पायात धुळीचे बूट, हातात महागडा फोन. दारात बूट काढायला लागले, मी म्हटलं राहू द्या. मी मनात नेहमीचा हिशेब लावला: मोठं पेन, जाड निब, वहीत एक सही, फोटो, संपलं. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही.

"पाव्हणं, जर्मन प्येन कोनतं तुमच्याकडं? त्यो यूट्यूबवाला म्हनतोय जपानी बारीक पडतंय."

मी पाच सूत पुढं केलं.

"लई जाड हाय की वो. ह्ये काय ऊस हाय का?"

मग चार सूत. ते बोटांत धरलं आणि लगेच खाली ठेवलं. "फिरतंय." तेव्हा माझं लक्ष गेलं: उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट पेरभर कमी होतं.

"मोटारीच्या पट्ट्यात गेलं," ते म्हणाले, जणू बोट पेन्शनीवर गेलं. "तवापास्नं कुटलंच प्येन धरवत न्हाय. बारकं फिरतंय, मोटं पडतंय. म्हनून तर हिंडतोय."

दोन वर्षांत तुलना करणारं असं गिऱ्हाईक मला पहिल्यांदा भेटलं की ज्याला तुलना करायची गरज होती. आम्ही दीड तास बसलो. मी त्यांच्या पेरांतलं अंतर पट्टीनं मोजलं, पेनांच्या माना, बोटं जिथं धरतात तिथं, मोजल्या. शेवटी साडेचार सूत अंगाचं, साडेतीन सूत मानेचं पेन त्यांच्या बोटांत नीट बसलं. तेच कपाटातलं दीड वर्षाचं जर्मन. मला देव आठवला.

त्यांनी वहीत एक रेघ ओढली. तोंड वाकडं केलं.

"खाजवतंय की."

ओढून बघितलं. खरंच खाजवत होतं. नवी निब कधी कधी अशी निघते.

"शनिवारी येतो," ते म्हणाले. "ह्ये खाजवनं तेवडं घालवा. मला पाडव्याला नवी वही धरायची हाय. गेलं तर नेतोच, न्हाय गेलं तर ऱ्हाऊ द्या."

चाचांकडे दिलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण चाचा लेकीकडे अक्कलकोटला गेलेले, शुक्रवारी रात्री येणार. एवढा धीर कुणाला? मला शनिवार आजच पाहिजे होता. शुक्रवारी दुपारी मालक नमाजाच्या वेळची गर्दी चुकवून जेवायला घरी गेले, दुकानात मी एकटा. मी विचार केला, खरबरीत म्हणजे खरबरीत. लाकूड खरबरीत असलं की आपण काय करतो? माझ्या डब्यात जुन्या धंद्याचा शून्य नंबरचा पॉलिश पेपर अजून होता. सगळ्यात मऊ. त्यानं सागवान आरशासारखं होतं. मी निब त्यावर पाच-सहा वेळा फिरवली. छान वाटलं म्हणून आणखी दहा वेळा फिरवली.

निबेच्या टोकाला सोन्याच्या पुढे एका कठीण धातूचा दाणा असतो, मोहरीहून बारीक. लिहितो तो दाणा. सोनं नुसतं त्याला धरून असतं. हे मला चाचांनी दोन वर्षांत निदान वीसदा सांगितलं होतं.

दाणा एका बाजूनं संपला होता. रेघ ओढली तर एकीकडं जाड, एकीकडं कोरडी. आणि खाजवणं? ते होतंच. उलट आता त्याला जोर आला होता.

शनिवारी सकाळी शटर उघडायच्या आधी मी जिन्याखाली उभा. चाचांनी भिंग लावलं, निब उजेडाकडं धरली, फिरवली, परत फिरवली.

"काय मारलं?"

"शून्य नंबर."

"शाळेत तेवढेच पडायचे का रे?" ते म्हणाले. पण हसले नाहीत. "सुतार, हे लाकूड आहे का? एक तरफ का दाणाच नाही राहिला. मी काय लावू इथं, गूळ?"

मी त्यांना सगळं सांगितलं. भाची, दिवाळी, मग बघू, सगळं. चाचा ऐकत निब कापडानं पुसत राहिले, जशी काही पुसल्यानं बरी होणार होती.

"मालकाला सांगितलं?"

"नाही."

"मग वर जाऊन सांग. गिऱ्हाइकालापण सांग. न सांगता पेन दिलं तर मी स्वतः वर येऊन सांगीन, आणि मला जिने चढवत नाहीत, लक्षात ठेव."

मी मालकांना सांगितलं. मालकांनी कपाळाला हात लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुटला पेपर?" मग दुसरा, "अजून हाय का तो?" मी काढून दिला. त्यांनी तो खिशात घातला. त्या दिवसापासून ते मला रंध्या म्हणतात. गिऱ्हाइकांसमोरही.

केळीवाले अकराला आले. मी एका दमात सांगितलं, निब मी पॉलिश पेपरनं घासली, वाया घालवली, कंपनीची नवी मागवायला तीन महिने लागतील.

त्यांनी पेन उचलून निब बघितली. "पॉलिश पेपर?"

"हो."

"मंग पाडवा कुनी पुडं ढकलायचा, तुमी का मी?"

मालक घाईनं म्हणाले, "दुसरं दाखवतो की, जपानी..." तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबा, एक पायरी, थांबा. चाचा वर आले. मी दुकानात असल्यापासून ते पहिल्यांदाच वर येत होते.

"ह्यांना माझी निब दाखवायला आलो," चाचा धापा टाकत म्हणाले. "निब कशी पाहिजे ते ह्यांना एकदा कळू दे. मग तीन महिने थांबायला सोपं जाईल." आणि दोरा गुंडाळलेलं पेन पुढं केलं.

केळीवाल्यांनी ते घेतलं. टोपण, दोरा, तडा, कशाकडं पाहिलं नाही. वही ओढली. आणि आमच्या वहीत पहिल्यांदाच कुणीतरी सही न करता लिहिलं:

मोटार दोनला बंद. पाणी तीन फूट खाली. खालच्या बागेत घड धरले.

मी पुढं वाकून पाहिलं. असं अक्षर मी फळ्यावरसुद्धा पाहिलं नव्हतं. गोल, सरळ, प्रत्येक काना एका उंचीचा. ह्याच माणसाला मी दारातच सहीपुरता धरला होता.

"रोज लिव्हतो," ते कुणाकडं न बघता म्हणाले. "बोट गेल्यापास्नं अक्षर गेलं हुतं." आणखी एक ओळ लिहिली. मग आणखी एक. पेन काही परत देईनात.

"ह्येच पायजे," ते म्हणाले. "ही जीब त्या प्येनात बसत असंल तर आत्ता नेतो. न्हाय तर ऱ्हाऊ द्या."

मालक चाचांकडं बघत होते. चाचा माझ्याकडं. मी "नको" म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो नाही. हे इथं लिहून ठेवतो, म्हणजे कुणी माझ्याबद्दल चांगलं मत करून घेणार नाही.

"सहा नंबर," चाचा म्हणाले. "दोन्ही सहाच आहेत. का नाही बसणार?"

त्यांनी कापडात धरून आपली निब ओढली. ती सहज आली नाही, तीस वर्षं एका जागी होती. मग जर्मन पेनातली काढून तिच्या जागी सरकवली, कोमट पाण्यात धरली, अंगठ्यानं दाबली, शाईत बुडवली, रेघ ओढली. आवाज नाही. केळीवाल्यांनी लिहून बघितलं, मान हलवली, आणि मग थेट चाचांना विचारलं, "चाचा, तुमी कशानं लिव्हनार?"

"माझ्याकडं आहे की," चाचांनी माझी घासलेली निब वर धरून दाखवली. "एक तरफ चपटी झाली ना, उर्दूला अशीच लागती. सुतारानं बघा किती बरोबर घासली."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. ते खरं नव्हतं. चपटी दुसऱ्या बाजूनं झाली होती. उर्दू उजवीकडून लिहितात, एवढं मला दोन वर्षांत कळलं होतं.

जर्मन पेन उजनीच्या काठी गेलं. भाची पुण्याला नोकरीला लागली, मालकांना तिचा फार अभिमान आहे. मी काउंटरवर आहे. मालक आता गिऱ्हाइकांना सांगतात की आमच्याकडं हातानं मुरवलेल्या निबा मिळतात, खास जुन्या पद्धतीनं. प्राध्यापकांना हे ऐकून एक नवा विषय मिळाला आणि त्यांचा गुरुवार अर्ध्या तासानं वाढला. चाचांसाठी मालकांनी कंपनीला नवी निब मागणारा मेल केला होता. कंपनीनं फार सुंदर इंग्रजीत उत्तर दिलं की आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे. वर्ष होत आलं, अजून महत्त्वाचीच आहे.

चाचा घासलेल्या निबेनं लिहितात. पेन तिरकं, जरा उलटं धरून. सकाळी मी शेजारी बसतो तेव्हा ती मला ऐकू येते. कुरकुर करते आणि कुणावर ते मला विचारावं लागत नाही. मी म्हणतो, "चाचा, बदलून देतो." ते म्हणतात, "बदल की. लिहायला तर शीक आधी."

शिकतोय. केळीवाल्यांची ती ओळ समोर ठेवून रोज एक पान लिहितो, दाबत नाही. आणि चाचा, हे तुम्ही वाचणार नाही, वाचून दाखवलं तर भिंगातून माझ्याकडं बघाल, म्हणून इथंच सांगतो: सोन्याची, सहा नंबरची, आवाज न करणारी निब मी एक दिवस तुमच्या काळ्या पेनात स्वतः बसवून देईन. कंपनीनं दिली नाही तरी देईन, कितीही वर्षं लागली तरी देईन. बसवताना हात धुतलेले असतील, आणि डब्यात पॉलिश पेपर नाही हे तुम्हाला आधी उघडून दाखवीन.